वाद्य विकण्याआधी सांगायचं ते

मिरजेच्या आमच्या सतार-तंबोऱ्यांच्या कारखान्यात अब्बा जवारी लावतात, भाऊ भोपळा आणि दांडी जोडतो, आणि ग्राहकांशी मी बोलते. दुकानात आलेली माणसं, फोन, मोबाइलवरचे संदेश, परदेशातून अपरात्री येणारे प्रश्न, सगळं माझ्याकडे. वाद्य घडवणं ही कला आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हा नुसता व्यवहार, असं आमच्या धंद्यातले पुष्कळ जण मानतात. मला ते मुळीच पटत नाही. नेलेल्या सतारीवर माणूस वर्षभरानंतरही खूश आहे की नाही, हे बऱ्याच अंशी आगाऊ रक्कम घेण्याआधी आपण त्याला काय सांगितलं यावर ठरतं.

हल्ली वाद्याला हात न लावता, मोबाइलवर आवाज ऐकून ते मागवणारे वाढले आहेत. त्यांच्याकडे दुसरा उपाय नाही, म्हणून आमची जबाबदारी वाढते. ध्वनिमुद्रणात थोडा घुमारा मिसळला की मध्यम प्रतीचा तंबोराही देवळाच्या गाभाऱ्यात वाजल्यासारखा ऐकू येतो. असे तुकडे मला रोज दिसतात. ऐकणारा नवशिका असेल तर त्याला वाटतं, हा घुमारा भोपळ्यातून येतोय. वाद्य घरी पोचतं, साध्या खोलीत तो तार छेडतो, आणि पहिली शंका स्वतःच्या बोटांवर घेतो. ही फसवणूक आहे, आणि शिकणाऱ्याचा स्वतःवरचा भरवसा घालवणारी म्हणून ती मला जास्त लागते. आम्ही कारखान्याच्या मागच्या खोलीत, पंखा बंद करून, साध्या फोनवर आवाज टिपतो. आधी चारही तारा एकेक करून, मग एकत्र. खर्जाची तार जरा दबलेली वाटत असेल तर तेही त्याच तुकड्यात बोलून सांगते.

सगळ्यात कमी बोललं जातं ते जवारीबद्दल. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा वरचा भाग वरवर सपाट दिसतो, पण त्याला अगदी बारीक उतार दिलेला असतो. तार त्या उताराला हलकेच स्पर्श करत कंप पावते आणि एका सुरातून कितीतरी सूर पाझरू लागतात; हीच जवारी. अब्बा कानस एकदा फिरवतात, तार चढवतात, ऐकतात, पुन्हा उतरवतात. तंबोऱ्यात तारेखालचा दोरा केसभर सरकला तरी आवाज बदलतो. हे काम कायमचं कधीच नसतं. सतार रोज वाजवणाऱ्याच्या तारा काही महिन्यांत घोडीवर बारीक चरे पाडतात, आवाज बसका होतो आणि जवारी नव्याने लावावी लागते. ज्याला हे सांगितलेलं नसतं, तो समजतो की आपल्याला खराब वाद्य मिळालं. मग तो ते कोपऱ्यात ठेवतो आणि हळूहळू रियाज सुटतो. विक्रीच्या वेळी ‘जवारी परत लावावी लागेल’ म्हटलं तर गिऱ्हाईक बिचकेल, ही भीती मी समजू शकते. तरीही ते विकतानाच सांगायला हवं.

आवाजाविषयी बोलायची भाषा गायक-वादकांकडे आणि कारागिरांकडे पूर्वीपासून एकच आहे. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. 1937 मध्ये ते गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी आजही गाणं होतं. त्या दिवसांत कलावंत दुकानात येऊन बसतात. गोल, मोकळा, बंद, कोरडा, दाणेदार एवढ्या शब्दांत त्यांचं आणि अब्बांचं भागतं. नव्या ग्राहकाकडे हे शब्द नसतात. ‘चांगला आवाज पाहिजे’ एवढंच तो म्हणतो. तिथे ‘हो, चांगलाच देतो’ म्हणणं सोपं आहे आणि निरुपयोगीही. म्हणून मी विचारते : कुणाचं वादन जास्त ऐकता? रविशंकरांची खुली जवारी कानात असेल, तर विलायत खाँसाहेबांच्या धर्तीची बंद जवारी त्या माणसाला मिटलेली वाटणार. तंबोरा हवा असेल तर, कोणत्या पट्टीत गाता? मोठ्या पुरुषी तंबोऱ्याच्या तारा काळी चारपर्यंत ताणून त्याच्याकडून बायकांच्या पट्टीचं काम घेऊ नये. असं दहा मिनिटं बोललं की निम्मे गैरसमज जन्मालाच येत नाहीत.

मग साहित्य. आमचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या शेतांतून येतात. पाऊस अवेळी झाला की मोठा, एकसारख्या गोलाईचा भोपळा मिळणं अवघड होतं आणि त्या वर्षी तंबोरे उशिरा होतात. हे सरळ सांगावं. ‘पुढच्या आठवड्यात पाठवतो’ हे वाक्य आमच्या धंद्यात फार स्वस्त झालंय. भोपळ्याला तडा असेल तर तो आतून सांधून, वर गडद पॉलिश देऊन दिसेनासा करता येतो. नीट सांधलेला भोपळा चांगला वाजूही शकतो, पण प्रवासात तो आधी दगा देतो. म्हणून घेणाऱ्याला जोड बोट ठेवून दाखवायला हवा आणि किंमतही त्याप्रमाणे कमी धरायला हवी. घोडीचंही तसंच. सांबरशिंगाचा व्यापार कायद्याने बंद आहे, तरी ‘शिंगाची घोडी आहे ना?’ असं विचारणारे भेटतात आणि उंटाचं हाड शिंग म्हणून खपवणारेही भेटतात. हाड असेल तर हाड म्हणावं. चांगल्या हाताने त्यावर उत्तम जवारी बसते. थंड देशांत वाद्य पाठवताना मी आणखी एक गोष्ट सांगते : हिवाळ्यात घर गरम करणाऱ्या यंत्रांनी हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं, खुंट्या सैल होतात, तबलीला चीर जाऊ शकते. खोलीत ओलावा राखणं ही तुमची जबाबदारी, हे पैसे घेण्याआधी ऐकवलेलं बरं.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मला त्याचा फार आनंद आहे. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातले फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले, त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या गावाने हे काम टिकवलं. त्याला नाव मिळायलाच हवं होतं. पण मानांकन गावाचं असतं. समोरच्या वाद्यात कोणतं लाकूड आहे, ते किती वाळलं आहे, हे मानांकन सांगत नाही. जाहिरातीचं काम करणाऱ्या एकाने मला सल्ला दिला होता की वाद्याबद्दल कमी बोला, परंपरेची गोष्ट सांगा, लोक गोष्ट विकत घेतात. फरीदसाहेबांची गोष्ट मला प्राणप्रिय आहे, म्हणूनच ती कच्च्या लाकडावर पांघरूण म्हणून घालायला माझी तयारी नाही.

परंपरेच्या त्या गोष्टीतून आजचे हातही गळून पडतात. वाद्यावर दुकानाचं नाव असतं. भोपळा कोरणारा, नक्षी बसवणारा, पॉलिश करणारा, जवारी लावणारा यांतलं एकही नाव ग्राहकाला कळत नाही. तरुण मुलं या कामात टिकत नाहीत अशी तक्रार आम्ही सगळेच करतो. वर्षानुवर्षं ज्याचं नाव कुणी घेत नाही, त्याने का टिकावं? आमच्याकडे पॉलिश करणाऱ्या काकांना एका गायिकेने फोन करून ‘रंग फार शोभतोय’ म्हटलं, तेव्हा त्यांनी तो फोन घरी बायकोला पुन्हा पुन्हा सांगितला.

कधी कधी ‘आत्ता घेऊ नका’ हेही सांगावं लागतं. आठ वर्षांच्या मुलासाठी आईवडील पूर्ण मापाची सतार मागतात. त्याचा हात पडद्यांपर्यंत पोचत नाही. मी लहान मापाची दाखवते, किंवा आधी गुरूंकडच्या वाद्यावर शिकू द्या म्हणते. गाणं नुकतं सुरू केलेल्यांनी मोबाइलवरचा तंबोरा वापरला तर त्यात काही वाईट नाही. खऱ्या तंबोऱ्याची गरज कान तयार झाल्यावर आपोआप जाणवते, आणि तेव्हा ती माणसं आमच्याकडे येतात.

माझं मिरजेतल्या सगळ्या व्यावसायिकांना आणि शहरांतल्या वाद्य विकणाऱ्या दुकानदारांना आग्रहाचं सांगणं आहे की प्रत्येक वाद्यासोबत एक चिठ्ठी द्या. लाकूड कोणतं, भोपळा कधीचा, सांधलेला आहे का, घोडी कशाची, जवारी कुणी लावली, पुन्हा कधी तपासावी. सोबत आवाजाचं, काहीही न मिसळलेलं मुद्रण. काही जण म्हणतात, एवढं लिहून दिलं तर गिऱ्हाईक घासाघीस करेल. करू दे. लिहून दिलेल्या गोष्टीवर घासाघीस झाली तरी नंतर भांडण होत नाही, आणि चांगलं लाकूड वापरणाऱ्याला त्याची किंमत मागता येते. आज ती त्याला मागता येत नाही, कारण कागदावर सगळी वाद्यं सारखीच असतात. आमच्या चिठ्ठीचा नमुना दुकानात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी न्यावा, आणि एखादी ओळ राहिली असेल तर भर घालून मलाही कळवावी.