फुलास वांझ म्हणूं नका

महसूल खात्यांत कारकून असतांना पीकपाहणीच्या निमित्तानें आम्ही अनेक शिवारें हिंडलों. त्या वेळीं एक प्रकार वारंवार दृष्टीस पडे. लाल भोपळ्याच्या वेलावर प्रथम येणारीं फुलें फळ धरीत नाहींत, म्हणून कित्येक शेतकरी तीं 'वांझ' ठरवून खुडीत राहत. पुढें इवलीं फळें दिसूं लागत, पिवळीं पडत व गळून जात. मग दोष बियाण्यास किंवा दैवास दिला जाई. आमच्या मतें दोष अज्ञानाचा होता.

वनस्पतींचे ठोकळ मानानें दोन वर्ग आहेत, सपुष्प व अपुष्प. अपुष्पांपैकीं देवदार, चीड हे वृक्ष फुलावांचून बी धरतात. परंतु विहिरीच्या कपारींतील नेच्यास फूलही नाहीं व बीही नाहीं. त्याच्या पानाच्या पाठीवरील तपकिरी ठिपक्यांतून धुळीसारखे बीजाणू उडतात. ओल्या जागीं त्यांपासून नखाएवढा हिरवा पापुद्रा होतो. त्यावरील नरपेशी पाण्याच्या थरांतून पोहत जाऊन स्त्रीपेशीस मिळते, तेव्हांच नवा नेचा जन्मतो. पाणी नसेल तर त्याचा वंश खुंटला.

सपुष्प वनस्पतीस पाण्याची ही मध्यस्थी लागत नाहीं. पण त्यांपैकीं पुष्कळांस परागकण वाहून नेणारा कोणी तरी लागतो. मक्याचें हें काम वारा करतो, भोपळ्याचें मधमाशी करते. ज्यास आपण वांझ म्हणतों तें बारीक देठाचें फूल नर होय. ज्याच्या खालीं इवलें फळ असतें तें मादी. नराचा पराग मादीस पोहोंचला नाहीं, तर तें फळ गळणारच.

हें फूल पहाटेस उमलतें आणि दुपारपर्यंत मिटतें. त्याच वेळीं जो विषारी औषध फवारतो, तो किडीबरोबर आपल्या पिकाचा वाहकही मारतो. 'मग कीड तशीच राहूं द्यावी काय?' असें कोणी विचारील. तसें आमचें म्हणणें नाहीं. फवारणी अटळच असेल, तर माशीस कमी घातक असें औषध घ्यावें आणि तें फुलें मिटल्यावर सायंकाळीं मारावें. माशा दिसत नसतील, तर सकाळीं नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मध्यभागीं हलकेंच लावावा.

विहिरीस पाणी नसलें कीं आपण चिंतातुर होतों. शेतांत माशी दिसेनाशी झाली, तरी तितकीच चिंता वाटली पाहिजे.