डोळे आलेत? मग पाण्याखाली नको!

पावसाळा सरून समुद्र निवळला की मालवण, तारकर्ली, देवबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांची रीघ लागते. कोल्हापूर, सांगली, पुण्याकडची मंडळी सहकुटुंब येतात, सिंधुदुर्ग किल्ला पाहतात, माशांचे जेवण जेवतात आणि आता त्याच्या जोडीला 'स्कुबा'ही करतात. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मास्क लावून समुद्रतळ पाहण्याचा हा प्रकार आपल्या जिल्ह्याची ओळख बनला आहे. त्यावर अनेक घरांची चूल पेटते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. म्हणूनच त्यातल्या एका दुर्लक्षित बाबीवर आज स्पष्ट लिहितो.

दर हंगामात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, मुलाचे डोळे जरा लाल झालेत. उद्या सकाळच्या स्कुबाचे पैसे भरलेत. औषधाचे थेंब टाकून पाठवू का?" माझे उत्तर एकच असते, "नको." मी काही नेत्रतज्ज्ञ नाही, साधा एमबीबीएस डॉक्टर आहे, पण हे उत्तर देण्यासाठी तज्ज्ञ असावे लागत नाही.

पुष्कळांना वाटते की भीती पाण्याच्या दाबाची आहे. १० मीटर खोलीवर दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, हे खरे. परंतु डोळा द्रवाने भरलेला असतो आणि द्रव सहसा दबत नाही. त्यामुळे निरोगी डोळ्याला निव्वळ दाबाने इजा होत नाही. दबते ती मास्कमधली हवा. खाली जाताना नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडली नाही, तर मास्क चेहऱ्याला शोषल्यासारखा चिकटतो आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागातील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. वर आल्यावर डोळ्यात लालभडक डाग दिसतो. घरचे घाबरतात, पण दुखत नसेल आणि नजर स्वच्छ असेल, तर तो डाग एक-दोन आठवड्यांत आपोआप विरतो. डोळा आधीच सुजलेला असेल, तर त्या नाजूक झालेल्या रक्तवाहिन्यांवर हा ताण मुद्दाम कशाला आणायचा?

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. विषाणूमुळे डोळे आले असतील तर ते अत्यंत संसर्गजन्य असतात. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमधली साथ वाचकांना आठवत असेल; एका घरात एकाचे डोळे आले की पाठोपाठ सगळ्यांचे येत होते. डोळे आलेल्या माणसाकडे नुसते बघून ते येत नाहीत. ते पसरतात हाताने, रुमालाने, टॉवेलने. आणि ज्या मास्कमध्ये एकाच्या डोळ्यांचे पाणी साचले, तोच मास्क अर्ध्या तासाने दुसऱ्याच्या डोळ्यांवर चढत असेल, तर त्याहून सोपा मार्ग कोणता? काचेवर वाफ धरू नये म्हणून आत थुंकी चोळण्याची पद्धत डायव्हिंगमध्ये जुनीच आहे. स्वतःच्या मास्कला हे ठीक; भाड्याच्या मास्कला मुळीच नाही. सगळे मास्क एकाच टबात बुचकळून काढणे म्हणजे धुणे नव्हे. हा विषाणू चिवट असतो, कोरड्या वस्तूवरही तो कित्येक दिवस तग धरतो.

"डॉक्टरानू, खारा पाणी लागला की डोळे बरे होतत," असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात. त्यांचा मान राखून सांगतो, तसे होत नाही. समुद्राचे पाणी म्हणजे दवाखान्यातले निर्जंतुक सलाईन नव्हे. त्यात मीठ आपल्या अश्रूंच्या कितीतरी पट असते आणि जंतूही असतात. सुजलेला डोळा त्याने अधिकच चुरचुरतो.

तिसरा मुद्दा, प्रत्येक लाल डोळा म्हणजे 'डोळे येणे' नव्हे. डोळा खोल ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, नजर अंधूक झाली असेल, तर ती बुबुळावरची जखम किंवा डोळ्याच्या आतली सूज असू शकते. अशा सुजेवर बाहुली मोठी करणारे थेंब देतात. ते घातल्यावर जवळचे नीट दिसत नाही आणि उजेडाने डोळे दिपतात. पाण्याखाली प्रशिक्षकाच्या हाताच्या खुणा हीच एकमेव भाषा असते, आणि तीच दिसली नाही तर? औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय स्टेरॉईडचे थेंब घेणे तर त्याहून घातक. लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खुशीत पाण्यात जातो. पण आत नागिणीच्या जातीच्या विषाणूची जखम असेल तर ती वाढत जाऊन नजर कायमची अधू होऊ शकते.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी डोळा लाल असताना लेन्स घालूच नये. डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आपल्या सर्जनला विचारल्याखेरीज पाण्यात उतरू नये. पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यात वायू भरला असेल, तर तो पूर्ण जिरेपर्यंत डायव्हिंग आणि विमानप्रवास दोन्ही वर्ज्य.

मग कधी उतरावे? लाली, पाणी व चिपडे पूर्ण थांबली, नजर पूर्ववत झाली आणि औषध संपले, म्हणजे. विषाणूच्या डोळ्यांना याला साधारण १० ते १४ दिवस लागतात. आतल्या सुजेच्या बाबतीत नेत्रतज्ज्ञ सांगतील ते खरे.

आता थोडे व्यावसायिक बांधवांशी. पर्यटकाने शेकडो किलोमीटर प्रवास केलेला असतो, पैसे भरलेले असतात. डोळे लाल आहेत हे तो आपणहून सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे. तेव्हा मास्क देण्यापूर्वी प्रत्येकाच्या डोळ्यांकडे तुम्ही बघा आणि डोळा लाल दिसला तर पैसे परत करा किंवा पुढची तारीख द्या. पैसे बुडणार नाहीत ही खात्री असली की माणूस खरे बोलतो. प्रत्येक वापरानंतर मास्क साबणाने धुवा, ब्लीचच्या सौम्य द्रावणात बुडवा, नंतर भरपूर गोड्या पाण्याने खळबळून वाळवा. ब्लीचचा अंश राहिला तर तोही डोळ्याला झोंबतो, हे विसरू नका. यासाठी मास्कचे दोन-तीन जादा संच लागतील. हा खर्च जरूर आहे. पण एका हंगामात 'तिथे गेलो आणि डोळे घेऊन आलो' अशी बोंब झाली, तर होणारे नुकसान त्याहून मोठे असेल.

आणि पालकांनो, मुलगा हिरमुसला तरी त्या दिवशी त्याला होडीतून किल्ला दाखवा. स्कुबा पुढच्या सुट्टीतही करता येईल.