‘रसायनांचा तोल’ आणि मनाच्या दुखण्याचे राजकारण

मनाचे दुखणे म्हणजे मेंदूतील रसायनांचा बिघडलेला तोल आणि त्यावरचा उपाय म्हणजे गोळी, हे सूत्र गेली तीस-पस्तीस वर्षे इतके उगाळले गेले आहे की आपले कार्यकर्तेही ते विज्ञानाचा अंतिम निकाल म्हणून सांगू लागले आहेत. काही साथींना तर त्यात भौतिकवादाचा विजय दिसतो. आत्मा नाही, मन नाही, आहे तो केवळ मेंदू! दुसरीकडे असेही साथी आहेत की ज्यांच्या लेखी मानसोपचार म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले. कामगाराला हवी भाकरी, त्याला समुपदेशक कशाला? या दोन्ही भूमिका परस्परविरोधी वाटतात. प्रत्यक्षात दोन्ही कामगाराला एकाच दारात नेऊन सोडतात, आणि ते दार औषधाच्या दुकानाचे असते.

प्रथम रसायनांविषयी. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. नैराश्य हे सेरोटोनिन कमी पडल्यामुळे येते, या म्हणण्याला सुसंगत पुरावा मिळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. औषधांचा कुणालाच उपयोग होत नाही, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता सोडणे धोक्याचे असते, हेही येथेच बजावून ठेवतो. मात्र जे सिद्ध झाले नव्हते ते सिद्धान्त म्हणून जाहिरातींतून विकले गेले, आणि ते विकणाऱ्यांनी गडगंज नफा कमावला, हे नाकारता येणार नाही.

ही टीका केवळ विरोधकांची आहे, असे कुणी म्हणू नये. टॉमस इन्सेल हे २००२ ते २०१५ या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे संचालक होते. मेंदूविज्ञान आणि आनुवंशिकी यांवर त्यांनी सारा भर दिला. २०१७ साली त्यांनीच कबुली दिली की सुमारे वीस अब्ज डॉलर खर्चून उत्तम शोधनिबंध निघाले. पण आत्महत्या कमी झाल्या नाहीत, रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्याही घटली नाही. (ही उपरती होईपर्यंत इन्सेलसाहेब खासगी कंपन्यांत दाखल झाले होते. फोनच्या वापरावरून माणसाची मनःस्थिती ताडू पाहणारी त्यांपैकी एक कंपनी २०२३ साली बंद पडली.)

मग मेंदूविज्ञान टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही! त्याने जे खरोखर दाखवून दिले ते बाजाराला गैरसोयीचे आहे, एवढेच. २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर प्रयोग करून सिद्ध केले की शिकण्याने मज्जापेशींमधील जोडण्या प्रत्यक्ष बदलतात. दीर्घकालीन स्मृतीसाठी तर नव्या जोडण्या वाढतात. १९९८ साली त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांपुढे पुढचे पाऊल मांडले : संभाषणाने होणारा उपचार जेथे गुण देतो, तेथे तोही एक प्रकारचे शिकणेच असल्यामुळे मेंदूत बदल घडवूनच गुण देतो. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये लुईस बॅक्स्टर यांच्या गटाला याचाच एक पुरावा मिळाला होता. मंत्रचळाच्या काही रुग्णांना औषध दिले, काहींना केवळ वर्तनोपचार. दोन्ही गटांत ज्यांना गुण आला त्यांच्या मेंदूच्या त्याच एका भागातील साखरेचा वापर कमी झाला. रुग्ण एकूण अठराच होते, तेव्हा त्यावर मोठी इमारत उभारू नये. तरीही शब्द आणि सराव हे गोळीइतकेच ‘भौतिक’ आहेत, हे मान्य करायला एवढे पुरेसे आहे.

आमच्या वाचकांना हे नवे वाटू नये. व्हिगॉट्स्की १९३४ साली वारला. त्यापूर्वीच त्याने प्रतिपादन केले होते की मनाची उच्च कार्ये आधी माणसामाणसांत घडतात आणि मग माणसाच्या आत जातात. त्याचा सहकारी लुरिया युद्धकाळात उरल भागातील रुग्णालयात मेंदूला जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करीत होता. त्यांतील झासेत्स्की हा १९४३ साली डोक्यात गोळी लागून वाचन-लेखन गमावून बसला होता. एकेक अक्षर आठवून लिहिणे त्याला अशक्य होते. मग डॉक्टरांनी सांगितले, विचार करू नकोस, हात न उचलता सलग लिही. आणि हात लिहू लागला! लिहिलेले वाचता येत नसतानाही पुढे सुमारे पंचवीस वर्षे हा माणूस लिहीत राहिला. तीन हजारांच्या आसपास पाने झाली. जखम भरून आली नव्हती. उरलेल्या मेंदूला दुसरी वाट सापडली होती, आणि ती दाखवणारा एक माणूस शेजारी बसला होता.

परंतु हाच वारसा सांगताना त्याच देशातील पाप झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९५० च्या अधिवेशनात पाव्हलॉव्हचा सिद्धान्त हुकुमाने लादला गेला आणि ऑर्बेलीसारख्या शास्त्रज्ञांना पदे गमवावी लागली. पुढे मतभेद बाळगणाऱ्यांवर ‘मंदगती स्किझोफ्रेनिया’चा शिक्का मारून त्यांना वेड्यांच्या इस्पितळात डांबले गेले. अखेर १९८३ साली सोव्हिएत संघटनेला जागतिक मानसोपचार संघटनेतून बाहेर पडावे लागले. माणसाची तक्रार हाच त्याच्या मेंदूचा दोष ठरवण्याची सोय भांडवलदारांनाच सुचते असे नाही.

आज आपल्याकडे ती सोय कुणाला आहे, ते पाहा. २०२३ साली एका बड्या उद्योगपतीने तरुणांना आठवड्याला सत्तर तास राबण्याचा उपदेश केला. पाळीवर पाळी करून ज्याची झोप उडाली, त्याला सांगितले जाते की दोष तुझ्या मेंदूत आहे. गोळी घे, नाहीतर फोनवरच्या ध्यानधारणेचे वर्गणीदार व्हा. कामाचे तास कमी करण्याचा विषय निघतच नाही. कामाचे तास हाही मेंदूवर परिणाम करणारा भौतिक घटक आहे, एवढे साधे मेंदूविज्ञान व्यवस्थापनाला कळत नसेल काय?

ज्यांना मानसोपचार हे चोचले वाटतात, त्यांनी गोव्याकडे पाहावे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर चाचणी केली आणि २०१७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. समुपदेशक कोण होते? मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेली, या कामापुरते प्रशिक्षण दिलेली स्थानिक माणसे. सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. सुटलेली कामे आणि तुटलेल्या गाठीभेटी रुग्णाने पुन्हा हळूहळू सुरू कराव्यात, हा उपचाराचा गाभा. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या सेवेत थोडी सुधारणा करून जी दिली गेली तीत हे प्रमाण ३९ टक्के होते. मेंदूची छायाचित्रे काढण्याचे यंत्र तेथे लागले नाही!

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के होते. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा हक्क मानला. पण सेवा देणारा माणूस मात्र नेमला नाही.

आणि येथेच सावध राहिले पाहिजे. गोव्याचा दाखला देऊन उद्या हे काम ‘आशा’ ताईंच्या डोक्यावर टाकले जाईल, तेही आणखी एका फुटकळ मोबदल्यावर. ज्यांना सरकार कामगार म्हणूनसुद्धा मान्यता देत नाही, त्यांनीच इतरांच्या खचलेल्या मनाला आधार द्यावा, असा हा न्याय! म्हणून मागणी नेमकी करावी लागेल : प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पगारी, प्रशिक्षित समुपदेशकाचे कायम पद, त्याच्यावर देखरेख करणारा तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात, आणि आशांपैकी ज्या हे काम पत्करतील त्यांना त्याच पदाचे वेतन. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रकात हे कलम घालावे.