कोट बॅगेत नको, हातावर घ्या!

आजऱ्याचा आमचा रूम पार्टनर जानेवारीत एम.एस.साठी शिकागोला निघाला. मुंबईत घामाच्या धारा, तिकडे पारा शून्याखाली! पठ्ठ्याने जाडजूड कोट २३ किलोच्या बॅगेत कोंबला आणि आईने दिलेले आजऱ्याचे काजू, चटणी बाहेर काढली. आईचा चेहरा पडला.

आमचं स्पष्ट मत आहे, कोट हातावरच घ्यावा. त्याचं वजन सहसा कोणी करत नाही. उद्या बॅग उशिरा आली, तर बाहेर पडताना तोच वाचवतो. लोक हसतील, हसू देत! शिवाय ऊब देते ती थरांत अडकलेली हवा, हे हीट ट्रान्सफरमध्ये शिकलोय ना? मग आत थर्मल, मध्ये स्वेटर घाला, कोट हलकाही चालेल.

आईचा डबा मात्र बॅगेतच राहू द्या.