अप-डाऊनची इंग्रजी

सदर : शब्दांची वही

डहाणू लोकलनं उमरोळी सोडलं की डब्यातले फोन सुरू होतात. परवा एक पोरगा नव्या नोकरीसाठी कुणाला तरी सांगत होता, "सर, आय डू अप-डाऊन फ्रॉम विरार." लंडनच्या माणसाला वाटेल, हा गडी उठाबशा काढतो. वास्तविक 'अप' नि 'डाऊन' हे त्याच्याच रेल्वेचे शब्द. तिथं लंडनकडे जाणारी गाडी अप, इथं चर्चगेटकडे जाणारी. आपण दोन्ही दिशांची मोट बांधली आणि रोजच्या पोटापाण्याच्या वारीला नाव देऊन टाकलं. मला हा शब्द आवडतो. 'कम्यूट'ला घामाचा वास नाही.

पण ही चूक, की भारतीय इंग्रजी? यावर भांडत बसण्यापेक्षा मोजून बघावं, हे काम आपल्याच राज्यात झालंय. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी १९७८ साली भारतात छापल्या गेलेल्या इंग्रजीतून सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे ५०० उतारे जमवले. एकूण दहा लाख शब्द. बातम्या, सरकारी कागद, कथा, शास्त्रीय लेख, सगळं. १९८६ मध्ये ते पूर्ण झालं आणि जगभरचे अभ्यासक त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणू लागले. साचा अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठाचा, पण तिथला मजकूर १९६१ चा. ब्रिटिश संग्रहानंही तेच वर्ष धरलेलं. शास्त्रींनी मुद्दाम बरंच नंतरचं, १९७८ हे वर्ष घेतलं. स्वातंत्र्यानंतर तीसेक वर्षं गेली, आता इथल्या इंग्रजीचा स्वतःचा तोंडवळा दिसायला हरकत नाही, असा त्यांचा हिशेब.

हा संग्रह छापील इंग्रजीचा. बोलणं आलं पुढच्या कामात. सिडनी ग्रीनबॉम यांनी आखलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाच्या भारतीय भागात ५०० पैकी ३०० उतारे बोलण्याचे आहेत. त्यावरून क्लाउडिया लांगे यांनी २०१२ मध्ये बोलल्या जाणाऱ्या भारतीय इंग्रजीच्या वाक्यरचनेवर पुस्तक लिहिलं. त्यात 'ओन्ली' आणि 'इटसेल्फ'चा शोध आहे. मराठी माणसाला यात कोडं वाटू नये. 'टुडे ओन्ली', 'टुडे इटसेल्फ' म्हणजे आपलं 'आजच'. त्या एका 'च'ला इंग्रजीत घर मिळेना, म्हणून तो 'ओन्ली'च्या ओसरीवर राहिला. (हिंदीवाल्यांचा 'ही' तिथंच मुक्कामाला असतो.)

माझी तक्रार वेगळी आहे. त्या प्रकल्पात शिरायला अट आहे : माणूस अठरा वर्षांवरचा हवा आणि किमान शाळा संपेपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकलेला हवा. म्हणजे तारापूर एमआयडीसीतला आयटीआय झालेला ऑपरेटर दाराबाहेर. एका रिअ‍ॅक्टरवर उडिया, भोजपुरी, गुजराती आणि मांगेली-वाडवळी घरातली माणसं पाळीला असतात. बोलतात हिंदीत, पण शिफ्टच्या लॉगबुकात लिहितात इंग्रजी. 'रिलीव्हर नॉट कम, डबल ड्यूटी डन.' 'सॅम्पल सेंट टू क्यूसी.' 'बॅच होल्ड ड्यू टू पॉवर.' हे वाचून इंग्रजीचे मास्तर कपाळाला हात लावतील. पण पुढच्या पाळीचा माणूस ते वाचूनच व्हॉल्व्ह उघडतो की बंद ठेवतो.

यात 'द' नाही, कर्ता नाही. मराठी-हिंदीत 'द'ला जोड नाही म्हणून तो गळला, असं चटकन म्हणावंसं वाटतं. मीही तसंच म्हणत होतो. पण घाईत नोंद करणारा इंग्रजही 'द' खातोच. तारेचा मजकूर आठवा. तेव्हा यातलं किती आपल्या भाषांमुळे आणि किती नोंदवहीच्या धाटणीमुळे, हे ठरवायला इथली हजार पानं आणि एखाद्या ब्रिटिश कारखान्याची हजार पानं शेजारी ठेवावी लागतील. माणसांची आणि मालाची नावं खोडावी लागतील, कंपन्या कुरकुरतील. पण पालघरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या इंग्रजी विभागाला न झेपणारं हे काम नाही. दहा लाख शब्दही नकोत, लाखभर पुरेत.

ओळखीच्या एका सुपरवायझरला विचारलं, जुन्या वह्यांचं काय करता? म्हणाला, "ठेवतो काही वर्षं. मग जागा लागते ना. या दिवाळीच्या साफसफाईत गेला की एक टेम्पो."

— बोलघेवडा