ओळखीच्या खुणेपुढे

अंकोरवाटच्या भिंतीवर समुद्रमंथन दिसलं की आपली कुटुंबं हरखतात. ‘हे सगळं आपलंच,’ असं मुलांना सांगितलं जातं. आनंद खरा आहे; पण तिथेच थांबलं तर कंबोडिया पाहायचा राहून जातो. १२व्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्मनने विष्णूसाठी उभारलेलं हे मंदिर पुढे बौद्धांचं झालं आणि आजही तिथे भिक्खू वावरतात. जावात प्रंबाननच्या देवळांजवळ १९६१पासून रामायण नाचून दाखवतात. कलाकार बहुतेक मुसलमान, आणि राम त्यांना परका नाही. ओळखीचं काही नसेल तर मुलं रमणार कशी, असं पालक विचारतील. खूण जरूर दाखवावी. मग गामेलान वाद्यवृंदाच्या काशाच्या घणघणाटात, संवादांविना, नुसत्या मनगटाच्या नि बोटांच्या वळणातून सीता कशी उभी राहते, हे मुलांना निवांत निरखू द्यावं. या अंकातले प्रवासलेख आम्ही ओळखीच्या खुणेपुढे नेतात का, याच कसोटीवर निवडले आहेत.