रीलच्या आधी लेबल

बचत गटाची ताई असो, शेतकरी उत्पादक कंपनी असो की घरी मसाले कुटून विकणाऱ्या काकू असोत, वर्धा जिल्ह्यात हल्ली सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: इन्स्टाग्रामवर या, रोज रील टाका, माल खपतोच. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. जाहिरात हवीच. पण तिच्या आधीची कामे वेगळी आहेत आणि त्यातली जड कामे त्या ताईच्या अंगावर टाकून यंत्रणेला मोकळे होता येणार नाही.

१. नाव मिळाले, राखण कोणाची?

समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गडद रंग आणि तो देणाऱ्या कुर्क्युमिनचे प्रमाण ६ टक्क्यांच्या वर. थोडी टाकली तरी भाजीला रंग चढतो. असे नाव झाले की ते दुसऱ्यांनीही वापरायला घ्यावे, हे आलेच. फोनवर 'वायगाव हळद' शोधणाऱ्या ठाण्याच्या गिऱ्हाइकाला समोरचे पाकीट खरेच वायगावचे आहे की नाही, हे कळायला काहीतरी मार्ग हवा. भौगोलिक मानांकनाच्या १९९९ च्या कायद्याने हे नाव वापरण्याचा हक्क नोंदणी झालेल्या 'अधिकृत वापरकर्त्या'ला दिला आहे आणि खोटे मानांकन लावणाऱ्याला ६ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कायदा कडक आहे. पण एकरभर हळद लावणारा शेतकरी काढणी सोडून कोर्टाच्या पायऱ्या कधी चढणार? म्हणून मागणी अशी: अधिकृत वापरकर्त्यांची गावनिहाय यादी, त्यांच्या संमतीने फोन नंबरसह, जिल्ह्याच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर ठळक असावी. पाकिटावरचा क्यूआर कोड त्या यादीतल्या नावावरच उघडावा. आणि गैरवापराची तक्रार जिल्हा प्रशासनाने स्वतः पुढे न्यावी.

२. पाकीट बोलले पाहिजे.

उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर छापलाच पाहिजे, असे २०११ चे वेष्टित वस्तूंचे नियम सांगतात. खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांकही हवा. प्रदर्शनातल्या स्टॉलवर मात्र अजून प्लॅस्टिकच्या पिशवीला स्टेपलर मारून आत चिठ्ठी सरकवलेली दिसते. चटणी फक्कड असते, पण संपल्यावर पुन्हा मागवायची कोणाकडून? रील दोन दिवसांत मागे पडते, पाकीट महिनाभर स्वयंपाकघरात समोर असते. लेबल छापणे, वजन करून सील करणे, पार्सल पक्के बांधणे ही सोय प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सामायिक असावी. दहा-बारा बायांच्या प्रत्येक गटाला वेगळे यंत्र घेणे परवडत नाही, आणि घेतलेले यंत्र वर्षभर कोपऱ्यात धूळ खाते, तेही आपण पाहिलेले आहे.

३. औषध म्हणून विकू नका.

'आमच्या हळदीने साखर उतरते, कॅन्सर पळतो' अशा रील्सना बघे खूप मिळतात. खाद्यपदार्थाने रोग बरा होतो असा दावा जाहिरातीत करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांनी मनाई आहे, आणि तो लाइव्ह व्हिडिओत केला म्हणून त्यातून सुटका नाही. हळदीचे गुण सांगायचे तर पुराव्यानिशी सांगावेत. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या आपल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून १९९७ मध्ये ते रद्द करून घेतले. घरोघरी सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्टसुद्धा तिथे कागदावर दाखवावी लागली.

४. भाड्याच्या जागेत दुकान.

जून २०२० मध्ये टिकटॉक भारतात एका रात्रीत बंद झाले आणि तिथे जमवलेली लाखोंची गर्दीही गेली. त्याआधी, जानेवारी २०१८ मध्ये, फेसबुकने आपल्या फीडमध्ये नातेवाईक-मित्रांच्या पोस्टना पुढे आणले आणि धंद्याच्या पानांना मागे सारले. मालकाने नियम बदलले की भाडेकरूचे काही चालत नाही. त्यामुळे एकदा माल घेतलेल्या गिऱ्हाइकाचे नाव, गाव, नंबर त्याला विचारून वहीत लिहून ठेवा. नवा हंगाम आला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक निरोप पुरे. रोज 'शुभ सकाळ' पाठवली तर लोक ब्लॉक करतात.

५. दाखवायचे काय?

नाचून माल दाखवण्यात गैर काही नाही, ज्याला आवडते त्याने जरूर नाचावे. पण दाखवण्यासारखे आपल्याकडे पुष्कळ आहे: हळद शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, दळणे. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघ चालवताना जे. सी. कुमारप्पा 'ग्रामउद्योग पत्रिका' काढत. घाणी, हातकागद, गूळ यांचे काम कसे चालते, याची माहिती तीतून गावोगाव जाई. १९३८ मध्ये उघडलेले मगन संग्रहालय आजही मगनवाडीतच आहे. वस्तू कशी बनते हे उघड सांगणे, यापेक्षा भरवशाची जाहिरात मला तरी माहीत नाही. आपले गोरसपाक बिस्किट तर मोबाइलच्या कितीतरी आधी पाहुण्यांच्या पिशवीतून नागपूर-मुंबईला पोहोचले.

६. विकत घेतलेली स्तुती.

पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेली शिफारस तशी आहे हे स्पष्ट सांगणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बंधनकारक आहे. नागपूरचा एखादा 'फूडी' दहा हजार मागत असेल, तर त्या पैशात किती लेबले छापून होतील, हे आधी बघा.

७. करायचे कोणी?

जिल्हा परिषद आणि बचत गटांसाठीच्या उमेद अभियानाने, अर्थात. पण सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, ग्रामीण उद्योगांसाठीच असलेली एमगिरी ही संस्था आणि हिंदी विश्वविद्यालय हे तिन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत. जनसंचार शिकणाऱ्या मुलांनी प्रकल्प म्हणून एकेका गटाचे फोटो आणि माहिती नीट तयार करून दिली, तर ताईंचा वेळ मालाकडे राहील. यासाठी नवी योजना नको, जिल्हा नियोजन समितीच्या निधीत एक लेखाशीर्ष पुरेल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जाणार असाल तर दोन ठराव मांडा: आपल्या तालुक्यात लेबल-पॅकिंगची सामायिक सोय व्हावी आणि अधिकृत उत्पादकांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लागावी. ठरावाची प्रत मागून घ्यायला विसरू नका.